स्क्विड प्रॉक्सीमधून पासवर्ड उघड करणारी त्रुटी आणि आपल्या कार्यालयांतील जुनी प्रॉक्सी यंत्रे

उद्यमनगरी (धागाकर्ता)

नमस्कार. कोल्हापूर परिसरातील कारखाने, पतसंस्था, महाविद्यालये आणि लहान कार्यालये यांची संगणकजाळी सांभाळणारे बरेच सभासद या मंचावर आहेत, म्हणून हा विषय येथे मांडत आहे. स्क्विड या प्रॉक्सी (कार्यालयातील संगणक आणि इंटरनेट यांच्यामधील मध्यस्थ) सॉफ्टवेअरमधील एक गंभीर त्रुटी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाली. सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीत (सीव्हीई) तिचा क्रमांक सीव्हीई-२०२५-६२१६८ असा असून तिला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण देण्यात आले आहेत. ७.२ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ज्या कार्यालयांत माझे कामानिमित्त जाणे होते, त्यांतील अनेक ठिकाणी स्क्विड अजून चालू आहे, आणि ते चालू आहे हे मालकांना ठाऊकही नसते.

त्रुटी समजून घेण्यासाठी आधी एरर पेज कसे तयार होते ते पाहू. मागितलेले संकेतस्थळ सापडले नाही किंवा समोरच्या सर्व्हरने उत्तरच दिले नाही, तर ब्राउझरला जे पान दिसते ते त्या संकेतस्थळाचे नसून स्क्विडने स्वतः तयार केलेले असते. त्या पानाच्या तळाशी व्यवस्थापकाला ईमेल पाठवण्याचा दुवा असतो. तक्रार करणाऱ्याला काही टंकावे लागू नये, या सद्हेतूने स्क्विड त्या दुव्यातच ईमेलचा मजकूर आधीपासून भरून ठेवते, आणि त्या मजकुरात ब्राउझरने पाठवलेल्या मूळ विनंतीचे सगळे हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) जसेच्या तसे उतरतात. त्या हेडरमध्ये लॉगिनची माहिती असेल तर तीही उतरते. ती झाकली जायला हवी होती. झाकली गेली नाही, हीच ती त्रुटी.

माणसाच्या डोळ्यांना हा मजकूर सहसा दिसत नाही, कारण तो दुव्याच्या पोटात असतो. परंतु पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टला (छोट्या प्रोग्रामला) तो वाचता येतो. एरर पेज स्क्विडने बनवलेले असले तरी ब्राउझरच्या दृष्टीने ते मागितलेल्या संकेतस्थळाकडूनच आलेले असते, त्यामुळे त्या संकेतस्थळावरील स्क्रिप्टने ते वाचण्याला ब्राउझर हरकत घेत नाही. एरवी प्रॉक्सीसाठी दिलेला पासवर्ड कोणत्याही संकेतस्थळाला कधीच कळत नाही, कारण तो हेडर स्क्विड स्वतःपाशी ठेवून घेते आणि पुढे जाऊ देत नाही. येथे मात्र तोच हेडर मागच्या दाराने परत येतो.

आपल्याकडच्या बहुतेक मांडण्यांत बेसिक ऑथेंटिकेशन (लॉगिनची सर्वांत साधी पद्धत) वापरलेले आहे. त्यात नाव आणि पासवर्ड बेस-६४ या पद्धतीने फक्त वेगळ्या अक्षरांत मांडलेले असतात, गुप्त केलेले नसतात, आणि प्रत्येक विनंतीसोबत पुन्हा पुन्हा पाठवले जातात. म्हणजे असा एक हेडर हाती लागला की पासवर्ड मिळालाच. आपल्या कार्यालयांत प्रॉक्सीचा, ईमेलचा आणि लेखा सॉफ्टवेअरचा पासवर्ड एकच ठेवण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे नुकसान प्रॉक्सीपुरते राहत नाही.

तात्पुरता उपाय एका ओळीचा आहे. स्क्विडच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमध्ये ‘ईमेल_ईआरआर_डेटा ऑफ’ ही ओळ घालावी. येथे ती देवनागरीत लिहिली असली तरी फाइलमध्ये रोमन लहान अक्षरांतच टंकावी लागेल. दुव्यात ईमेलचा मजकूर भरण्याची ही सोय मुळात चालू स्थितीत येते, त्यामुळे फाइलमध्ये तिचा उल्लेख नसणे याचा अर्थ ती चालू आहे असाच घ्यावा. ज्यांच्याकडे स्क्विड आहे त्यांनी कोणती आवृत्ती, कोणत्या लिनक्सवर आणि कशासाठी, एवढे कृपया येथे लिहावे.

शाहूपुरीकर

धागा उपयुक्त आहे. मी करसल्लागार आहे, संगणकाचा जाणकार नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे. आमच्या कार्यालयातील प्रॉक्सी कोणालाही पासवर्ड विचारत नाही; कोणती संकेतस्थळे उघडू द्यायची आणि कोणती नाही, एवढेच ती ठरवते. मग आम्ही या त्रुटीच्या बाहेर आहोत असे समजावे का?

उद्यमनगरी

नाही, सर. प्रकल्पाने दिलेल्या सूचनेतच हे स्पष्ट केले आहे की या हल्ल्यासाठी स्क्विडवर लॉगिन लावलेले असण्याची गरज नाही. विनंतीत दोन प्रकारची ओळख असू शकते: एक प्रॉक्सीसाठीची आणि दुसरी प्रत्यक्ष संकेतस्थळासाठीची. आपल्याकडे पहिली नाही, परंतु कार्यालयातील कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचे यंत्र किंवा राउटर यांची पाने उघडताना ब्राउझरची जी छोटी लॉगिन चौकट येते, ती बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. ही पाने प्रॉक्सीतून उघडली जात असतील तर तेथील ओळखही एरर पेजमध्ये उतरू शकते. स्थानिक पत्ते प्रॉक्सीतून वगळण्याची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये असते. ती लावली आहे का, हे आपल्याकडच्या तंत्रज्ञाला विचारावे.

ज्यांनी स्क्विड उलट बाजूने, म्हणजे स्वतःच्याच वेब ॲप्लिकेशनच्या पुढे उभे केले आहे, त्यांनी अधिक सावध राहावे. तेथे ॲप्लिकेशन आतल्या आत वापरत असलेले टोकन (ओळख पटवणारी सांकेतिक खूण) बाहेरच्या माणसाला दिसण्याची शक्यता सूचनेत नोंदवली आहे.

पंचगंगाकाठ

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डेबियन १२ हे लिनक्स आहे आणि त्यासोबत आलेले स्क्विड ५.७ आहे. ७.२ पेक्षा जुनी प्रत्येक आवृत्ती बाधित असेल तर आम्ही थेट ७.२ चा सोर्स (मूळ कोड) आणून कंपाइल करावा (त्यापासून स्वतः प्रोग्राम बनवावा) असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. वितरणाचे (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाचे) लोक जुन्या आवृत्तीतच सुरक्षेची दुरुस्ती बसवतात आणि मुख्य क्रमांक तोच ठेवतात, त्यामुळे केवळ ५.७ हा आकडा पाहून काहीच ठरवता येत नाही. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदींत) या सीव्हीईचा क्रमांक आला आहे का, ते पाहणे हाच मार्ग आहे. स्वतः कंपाइल केलेल्या स्क्विडला पुढचे अपडेट आपोआप मिळत नाहीत, आणि ते करणारा सहकारी उद्या नोकरी सोडून पुण्याला गेला की ते यंत्र पोरके होते.

उद्यमनगरी

पूर्ण सहमत. मात्र हा दिलासा फक्त ज्या वितरणाचा पाठिंबा चालू आहे त्यांच्यासाठी आहे. शिरोलीतील एका कारखान्यात मी नुकतेच सेंटओएस ७ हे लिनक्स पाहिले, त्यावर स्क्विड ३.५.२० होते. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला. तेथे चेंजलॉग कितीही वेळा उघडला तरी नवी नोंद येणार नाही. अशा यंत्रावर वरची एक ओळ घालता येते, कारण ती सोय इतक्या जुन्या स्क्विडमध्येही आहे, परंतु तो या एका त्रुटीपुरता उपाय झाला. त्या यंत्रातील बाकीच्या त्रुटी तशाच राहतात.

काटा_विभाग

मी साखर कारखान्यात आहे. आमची अडचण थोडी वेगळी आहे. त्रुटी जाहीर झाली नेमकी ऑक्टोबरमध्ये, आणि त्यानंतर आमचा गळीत हंगाम सुरू झाला. हंगामात गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. वजनकाट्यावरचे संगणक, शेती विभाग आणि मुख्य कार्यालय एकाच जाळ्यावर आहेत आणि ती सगळी वाहतूक प्रॉक्सीच्या यंत्रातूनच जाते. पाच मिनिटे जरी काटा थांबला तरी वाहनचालकांची बोलणी मला खावी लागतात. त्यामुळे हंगाम संपेपर्यंत या यंत्राला हात लावायचा नाही असा आमचा अलिखित नियम आहे. ही ओळ घातल्यावर स्क्विड बंद करून पुन्हा चालू करावे लागते का? आणि ओळ चुकली तर काय होते?

उद्यमनगरी

बंद करावे लागत नाही. आधी पार्सचा आदेश देऊन फाइल तपासून घ्यावी; त्यात ओळ चुकलेली असेल तर स्क्विड तेथेच सांगते आणि चालू असलेल्या कामाला धक्का लागत नाही. तपासणी निर्धोक निघाली की रिकॉन्फिगरचा आदेश द्यावा. त्या वेळी स्क्विड क्षणभर नव्या जोडण्या घेणे थांबवते आणि नवी फाइल वाचून पुन्हा सुरू होते. आपल्या कॉन्फिगमध्ये नियमांच्या फार मोठ्या याद्या असतील तर हा क्षण थोडा लांबतो, म्हणून पाळी बदलताना, रांग कमी असेल तेव्हा करावे. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी, हे आपल्याला सांगायला नकोच.

एक प्रश्न मात्र विचारतो. काट्याचे सॉफ्टवेअर आतल्या सर्व्हरशीच बोलत असेल, तर त्याची वाहतूक प्रॉक्सीतून का जाते?

काटा_विभाग

याचे उत्तर कारखान्यात कोणाकडेही नाही. मी येण्याआधीपासून तसे आहे.

निवृत्त_नेटवर्क

मला वाटते या ‘आधीपासून तसे आहे’ मध्येच विषयाचे मूळ आहे, म्हणून थोडा जुना संदर्भ देतो. स्क्विड १९९६ मध्ये आले, हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातील कॅशच्या आधारावर. त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते. पुढे आपल्याकडे डायल-अप आणि नंतर मोजून मिळणारे ब्रॉडबँड आले, तेव्हा एकाच जोडणीवर वीस संगणक चालवायचे तर प्रॉक्सी हवीच होती. एकाने उघडलेले पान दुसऱ्याला स्थानिक साठ्यातून मिळायचे आणि महिन्याचा डेटा वाचायचा. आम्ही त्या काळी ३१२८ हा स्क्विडचा पोर्ट क्रमांक (जोडणीच्या दाराचा क्रमांक) दूरध्वनी क्रमांकासारखा पाठ करून ठेवला होता.

आता जवळजवळ सगळी संकेतस्थळे एचटीटीपीएसवर आहेत. तेथे ब्राउझर प्रॉक्सीला केवळ ‘अमुक सर्व्हरपर्यंत वाट करून दे’ एवढेच सांगतो आणि पुढचा सगळा मजकूर कुलूपबंद जातो. स्क्विडला तो दिसत नाही, साठवता येत नाही, वाचवताही येत नाही. ज्या कामासाठी हे सॉफ्टवेअर बसवले ते काम संपून अनेक वर्षे झाली, पण यंत्र जागेवरच आहे. २०१९ च्या महापुरानंतर कित्येक कार्यालयांनी सर्व्हर वरच्या मजल्यावर नेले. त्यांत ही यंत्रेही उचलून नेली गेली, आणि नेताना यातले कोणते कशासाठी आहे, असे कोणी विचारले नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: दुरुस्ती कसली करता, काढून टाका.

कमांडलाइन

मी दोन्ही बाजूंशी असहमत आहे. दहापैकी दहा हा आकडा ऐकून लोक घाबरतात, परंतु वर निवृत्त_नेटवर्क यांनी जे सांगितले तेच त्रुटीलाही लागू होते. एचटीटीपीएसच्या वाटेवर अडथळा आला तर आजचे ब्राउझर प्रॉक्सीचे एरर पेज दाखवतच नाहीत, स्वतःचे पान दाखवतात, आणि स्क्रिप्टला तर त्यातले काहीच मिळत नाही. म्हणजे हल्ला होणार तो फक्त साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर, आणि साधे एचटीटीपी आज उरले आहे किती? शिवाय मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर असा धुरळा उडाला की विक्रेते लगेच महागडी फायरवॉल घेऊन दारात उभे राहतात. तीन-तीन वर्षांचे परवाने गळ्यात मारले जातात.

उद्यमनगरी

आपण एचटीटीपीएसबाबत जे लिहिले ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, आणि ते मी मूळ लेखात द्यायला हवे इतके महत्त्वाचे आहे, म्हणून वाचकांनी ते त्याला जोडूनच वाचावे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. चांगली संकेतस्थळे एचटीटीपीएसवर गेली हे खरे. सापळा लावणाऱ्याला स्वतःचे पान साध्या एचटीटीपीवर ठेवण्यापासून कोण अडवणार? कर्मचाऱ्याने ईमेलमधील एक दुवा उघडला की पुरे. काही ब्राउझर अशा पानाआधी इशारा देतात, पण आपल्याकडे इशाऱ्यावर ‘पुढे जा’ दाबण्याचा सराव दांडगा आहे, कारण कार्यालयातली निम्मी अंतर्गत पाने तसाच इशारा देतात. दुसरे असे की काही ठिकाणी स्क्विडला एचटीटीपीएस मधेच उलगडून पाहण्याची मुभा दिलेली असते, ज्याला एसएसएल बंप म्हणतात. तेथे एरर पेज कुलूपबंद जोडणीच्या आतूनच येते आणि आपला युक्तिवाद लागू होत नाही.

विक्रेत्यांबद्दलचे मत मात्र मान्य. एका ओळीने भागते तेथे फायरवॉल विकत घेऊ नये.

पंचगंगाकाठ

बेसिकऐवजी डायजेस्ट ऑथेंटिकेशन लावले तर? त्यात पासवर्ड उघडा जात नाही.

उद्यमनगरी

या त्रुटीपुरते नुकसान कमी होईल, ताई, पण डायजेस्टचा मार्गही निर्धोक नव्हता. सीव्हीई-२०२३-४६८४७ ही त्रुटी नेमकी स्क्विडच्या डायजेस्ट हाताळणीत होती. बाहेरच्या ग्राहकाला स्मृतीच्या हीप भागात दोन एमबीपर्यंत मनाजोगता मजकूर लिहिता येत होता. ३.२ मालिकेपासून ५.९ पर्यंतच्या आणि ६.४ पूर्वीच्या ६ मालिकेतील आवृत्त्या तिच्या कक्षेत होत्या. आपल्या डेबियनला तिची दुरुस्ती मिळाली आहे का, तेही त्याच चेंजलॉगमध्ये पाहून घ्यावे.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक वाटते. जोशुआ रॉजर्स या सुरक्षा संशोधकाने २०२१ मध्ये स्क्विडचा संपूर्ण कोड तपासला आणि ५५ त्रुटी शोधल्या. त्याने ती यादी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केली, तेव्हा त्यांतील ३५ अजून दुरुस्त झालेल्या नव्हत्या. यात प्रकल्पाच्या लोकांची हेळसांड नव्हती, असे त्यानेच लिहिले आहे; एवढ्या मोठ्या आणि जुन्या कोडसाठी मनुष्यबळच अपुरे होते. त्यानंतर पीएफसेन्स या प्रसिद्ध फायरवॉलच्या निर्मात्यांनी त्यांच्या स्क्विड पॅकेजचा वापर बंद करण्याचा सल्ला दिला. आपल्या भागात पीएफसेन्सवर स्क्विड चढवलेली कार्यालये मी पाहिली आहेत. त्यांना तर हा धागा विशेष लागू आहे.

कमांडलाइन

मग स्क्विड काढून टायनीप्रॉक्सी हे दुसरे प्रॉक्सी सॉफ्टवेअर लावावे. आकाराने लहान आहे, कोड थोडका, म्हणून त्रुटीही थोड्या.

उद्यमनगरी

थोड्या असतील, पण त्यांची दखल घेणारेही थोडेच असतात. सीव्हीई-२०२३-४९६०६ पाहा. विनंतीतील ‘कनेक्शन’ हेडरचे मूल्यही ‘कनेक्शन’ असेच ठेवले, तर टायनीप्रॉक्सी एकदा मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरायला जात असे. सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा संशोधन गटाने ती मे २०२४ मध्ये जाहीर केली. आपण आधी कळवले होते असे टॅलोसचे म्हणणे होते, तर ज्या ईमेल पत्त्यावर कळवले तो जुना झाला होता आणि आपल्यापर्यंत काहीच पोहोचले नाही असे टायनीप्रॉक्सीच्या देखभालकर्त्याचे. दुरुस्ती १.११.२ मध्ये आली. कोण चूक कोण बरोबर यात मी पडत नाही, पण सॉफ्टवेअर लहान असले म्हणजे ते राखले जातेच असे नाही, एवढे त्यातून दिसते. एक स्क्विड काढून दुसरे काही बसवण्याआधी, प्रॉक्सी मुळात हवी का, याचे उत्तर लेखी द्यावे असा माझा आग्रह राहील.

शाहूपुरीकर

आमच्या बाबतीत प्रॉक्सी काढली तर एक कायदेशीर मुद्दा उभा राहतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. कोणता कर्मचारी कोणत्या संकेतस्थळावर गेला, याची नोंद आमच्याकडे केवळ त्या प्रॉक्सीमध्ये होते. ती काढल्यावर लॉग कोठून आणायचा?

निवृत्त_नेटवर्क

हा मुद्दा रास्त आहे. माझे ‘काढून टाका’ हे विधान मी एवढे सैल करतो की आधी लॉगची दुसरी सोय करा आणि मग काढा. जोडण्यांची नोंद फायरवॉल किंवा बरा राउटरही ठेवू शकतो, आणि नको ती संकेतस्थळे रोखण्याचे काम डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) पातळीवर होते. एचटीटीपीएसच्या काळात स्क्विडच्या लॉगमध्येही तसे फार काही नसते: सर्व्हरचे नाव, वेळ आणि किती बाइट गेले-आले, इतकेच.

उद्यमनगरी

लॉगचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवतो. या त्रुटीचा कोणी आधीच फायदा घेतला आहे का, हे स्क्विडच्या लॉगवरून ओळखण्याची आशा धरू नये. चोरी ब्राउझरच्या आत होते. लॉगमध्ये दिसते ती ५०३ किंवा ५०२ या त्रुटी-क्रमांकाची एक साधी नोंद, आणि तशा नोंदी रोज शेकड्याने असतात. त्यामुळे ज्यांनी बेसिक ऑथेंटिकेशन वापरले आहे त्यांनी ओळ घातल्यानंतर सर्वांचे प्रॉक्सी पासवर्ड बदलावेत. बदलताना ते ईमेल आणि लेखा सॉफ्टवेअरपेक्षा वेगळे ठेवावेत. क्रम उलटा करू नये: आधी पासवर्ड बदलून मग ओळ घातली, तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जाऊ शकतो.

शाहूपुरीकर सर, आपण प्रॉक्सी तूर्त ठेवावी, परंतु ती पाठिंबा चालू असलेल्या लिनक्सवर हलवावी आणि तिचा पोर्ट फक्त कार्यालयाच्या आतूनच पोहोचेल असा बांधावा. मुळातली मांडणी यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकत बसते. राउटरवर जुना पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आत येण्याची वाट) राहिलेला असेल तर ती बाहेरूनही दिसते.

पंचगंगाकाठ

चेंजलॉग पाहिले आणि अपडेट करून घेतले. तरीही ती ओळ आम्ही घातलीच आहे, कारण एरर पेजवरून व्यवस्थापकाला ईमेल पाठवणारा विद्यार्थी मी अद्याप पाहिलेला नाही. प्रयोगशाळेपुरती प्रॉक्सी परीक्षेच्या दिवसांत संकेतस्थळे रोखण्यासाठी लागते, त्यामुळे ती राहील. प्राध्यापकांच्या खोल्यांमधील संगणक मात्र तिच्यातून बाहेर काढत आहोत.

काटा_विभाग

पहाटेच्या पाळीबदलात ओळ घातली. पार्स निर्धोक निघाले, रिकॉन्फिगर झाले, काट्यावर कोणाला कळलेही नाही. बंद असलेल्या एका अंतर्गत पत्त्यावर मुद्दाम जाऊन एरर पेजचा सोर्स पाहिला. ईमेलच्या दुव्यात आता फक्त पत्ता आहे, मागचा लांबलचक मजकूर गेला. काट्याचा सर्व्हर ब्राउझरच्या वगळण्याच्या यादीत टाकण्याचे काम हंगामानंतर ठेवले आहे, कारण तेथील संगणकांवर कोणते सॉफ्टवेअर प्रॉक्सीचा पत्ता कोठे लिहून ठेवते, ते आधी एकेक उघडून पाहावे लागेल. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या बाजूला कोणी असे स्थलांतर केले असेल तर त्यांनी येथे लिहावे.